टॅक्सीचा भाव, रेसचा भाव

इंजिनाचे सिलिंडर कापून नीट करणाऱ्या बोअरिंगवाल्याकडे दोन भाव असतात: एक टॅक्सीचा, एक रेसचा. मशीन तेच, मिस्त्री तोच, ब्लॉकही एकाच साच्यातून निघालेला. तरी दुसरा भाव पहिल्याच्या दुपटीहून जास्त. त्यातही गंमत अशी, की टॅक्सीच्या भावात इंजिनातलं लोखंड जास्त कापलं जातं आणि रेसच्या भावात कमी. हा हिशेब बसतो कसा, ते एका मित्राच्या इंजिनाच्या निमित्ताने जवळून पाहायला मिळालं.

मित्र पवईत राहतो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि उरलेल्या वेळात त्याला प्रीमियर पद्मिनी पळवायची असते. पळवायची म्हणजे रस्त्यावर नव्हे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि ते बरंच आहे. त्याला हौस आहे ऑटोक्रॉसची: मोकळ्या मैदानात शंकू मांडलेले असतात, एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळाशी शर्यत लावते. म्हणून गाडीचं मूळ इंजिन, नंबरासकट, ग्रीस लावून गुंडाळून ठेवलंय. भंगारातून एक दुसरं उचललं आणि ते नव्याने बांधायला घेतलं. सोसायटीने पार्किंगमध्ये इंजिन उघडायला बंदी केल्यामुळे स्टँड बाल्कनीत आला. वहिनींची अट एकच होती: रॉकेल घरात येता कामा नये. त्यामुळे धुणं-कापणं सगळं बोअरिंगवाल्याच्या गाळ्यावर.

पद्मिनीचं इंजिन आणि शर्यत, हे शब्द एका दमात उच्चारले की लोक हसतात. मुंबईकराने ते आयुष्यभर सिग्नलला खोकताना ऐकलंय. पण या इंजिनाची कुळकथा वेगळी आहे. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल), चार सिलिंडर, १०८९ सीसी हे माप फियाटने १९३७ साली ५०८ सी या गाडीसाठी ठरवलं. तीन वर्षांनी एन्झो फेरारीने स्वतःची म्हणून जी पहिली गाडी बांधली, ती ‘८१५’, तिचं आठ सिलिंडरचं इंजिन याच फियाटचे भाग घेऊन उभं केलेलं होतं. हेड तर दोन फियाटची शेजारी शेजारी ठेवलेली. अशा दोन गाड्या १९४० च्या मिल्ले मिलिया शर्यतीत उतरल्या, एक अल्बेर्तो आस्कारी चालवत होता, आणि दोन्ही वाटेतच बंद पडल्या. महायुद्ध संपल्यावर चिझितालिया या इटालियन कंपनीने १९४६ साली डी ४६ नावाची छोटी रेसिंग कार काढली तीही याच फियाट इंजिनावर, आणि त्यातून साठच्या वर अश्वशक्ती काढली. खुद्द फियाटने १९५३ च्या ‘तुरिस्मो वेलोचे’त तेवढ्याच सीसीतून पन्नासच्या आसपास काढली होती. आपल्या पद्मिनीला मिळाली ती जेमतेम चाळीस. टॅक्सीला तेवढी पुरे होती.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता कुर्ल्याला, लाल बहादूर शास्त्री मार्गावर. पवईपासून रिक्षाच्या टप्प्यात. १९६४ पासून तिथे फियाटची ११०० डिलाइट निघू लागली, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. कारखान्याभोवती साकीनाका, चांदिवली, असल्फा या पट्ट्यात लेथ, ग्राइंडर, बोअरिंग मशीन घेऊन बसलेले गाळे वाढले. आज त्यांच्या शेजारी काचेच्या इमारती आहेत आणि दोनशे रुपयांची कॉफी आहे. आयआयटीच्या फाटकाआत मुलं अजूनही रेसिंग कार बांधतात, इंग्लंडला सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर नेतात, पण ती विजेची. तिच्यात बोअर करण्याजोगं काही नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे संपली. शेवटची नोंद २००३ सालची होती, तिची वीस वर्षं भरली.

मग बोअरिंगवाला जगतो कशावर? आम्ही ज्या गाळ्यात गेलो तिथे शटरच्या बाहेर फोर्कलिफ्टचं इंजिन पडलेलं होतं, आत जनरेटरचे ब्लॉक, एअर कॉम्प्रेसरचे क्रँक आणि भिंतीला टेकवून उभे केलेले होड्यांचे लांबलचक क्रँकशाफ्ट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत वेसावे-मढची इंजिनं उघडली जातात आणि बंदी उठायच्या आत ती परत होडीत बसवावी लागतात. आमचा ब्लॉक पोचला नेमका जूनच्या शेवटी. ‘‘दर्या उघडेपर्यंत थांबा,’’ मालकांनी सांगितलं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. वय साठीच्या पुढे, शर्टाच्या खिशात मायक्रोमीटर, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता जॉबकडे पाहायची सवय. कोळ्यांचा पोटाचा धंदा, आमचा शौक. रांगेत आधी कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

टॅक्सीचा भाव कसा ठरला तेही भाऊंनीच सांगितलं. टॅक्सी उभी राहिली की मालकाचं भाडं बुडतं. संध्याकाळी ब्लॉक टाकायचा, सकाळी उचलायचा. एवढ्या वेळात चार सिलिंडर बारकाईने मोजत कोण बसणार? सिलिंडर गोल राहिलेला नसतो, वर जास्त झिजतो, खाली कमी, पिस्टन ज्या बाजूला ढकलला जातो तिकडे आणखी जास्त. सगळ्यावर एकच इलाज: मोठा साइज मारा. एका कटात ओव्हल, टेपर, ओरखडे सगळं साफ, दुसऱ्यांदा सेटिंग नको. पुढच्या वेळी लोखंड उरलं नाही तर लायनर, म्हणजे आत नवी नळी, ठोकू. धंद्याच्या गाडीला ते परवडत होतं.

आमच्या ब्लॉकचं माप मिस्त्रीने डायल बोअर गेजने घेतलं. प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर, दर उंचीला दोन दिशांनी. आकडे तो ब्लॉकच्या अंगावरच पांढऱ्या मार्करने लिहीत होता. सर्वांत वाईट तिसरा सिलिंडर: मुळात ६८.००, वर जिथे पहिली रिंग थांबते तिथे ६८.२१, खाली ६८.०६. मित्राने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ६९ चे पिस्टन बघून ठेवले होते. रेसचं इंजिन म्हणजे सीसी वाढवायचे, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

भाऊंनी गणित कागदावर मांडलं. ६९ ला ११२२ सीसी होतात. ६८.४० चा पिस्टन सेट मिळतो, त्याला ११०२. फरक वीस सीसींचा, म्हणजे शेकडा दोनही नाही. ‘‘पन्नास घोडे निघाले तर त्यातला एक. त्या एकासाठी भिंत पातळ करणार का तुम्ही? पातळ भिंत हलते. हलली की रिंग सील सोडते. मग तुमचा एक घोडा कुठे गेला?’’ मिस्त्री गोरखपूरचा, त्याने आपल्या भाषेत पुस्ती जोडली, ‘‘साब, काटा हुआ वापस नहीं आता.’’ मित्र थोडा हिरमुसला, पण ६८.४० ठरलं. ताकद आता दुसरीकडून काढायची होती: हेडमधून, कॅममधून आणि जे फिरतं-हलतं त्याच्या वजनातून.

प्रत्यक्ष बोअरिंग बघायला फार काही नसतं. सिंगल पॉइंट टूल फिरत खाली उतरतो, करड्या भुकटीसारखा कीस पडतो, काळ्या ओतीव लोखंडाला खास वास येतो. टूल ६८.३४ ला थांबवला, उरलेले सहा शतांश मिलिमीटर होनिंगसाठी राखून. टूलने पृष्ठभाग उकरला जातो. तो उकरलेला थर होनिंगच्या दगडांनी काढायचा असतो. टॅक्सीला इथे दोन शतांश ठेवले तरी चालत.

होनिंगच्या आधी मात्र एक अशी गोष्ट पाहिली, की रेसचा भाव तिथेच वसूल झाला म्हणायला हरकत नाही. हेड बोल्टने आवळलं की ब्लॉकचा वरचा भाग ताणला जातो आणि गोल सिलिंडर किंचित वाकडा होतो. म्हणजे मोकळ्या ब्लॉकमध्ये कितीही अचूक गोल घासा, इंजिन बांधल्यावर तो गोल राहत नाही. उपाय असा, की हेडच्या जागी चार सिलिंडरची भोकं पाडलेली जाड लोखंडी प्लेट ठेवायची, मध्ये गॅस्केट घालायचं, हेडचेच बोल्ट त्याच टॉर्कने आवळायचे आणि मग होन करायचं. ब्लॉकला वाटलं पाहिजे, की हेड बसलंय. फियाटची अशी प्लेट गाळ्यात नव्हती. कोणी मागितलीच नव्हती कधी. चाळीस मिलिमीटर जाडीची एमएस प्लेट आणून ती बनवावी लागली.

मिस्त्रीने बोअर गेज तिसऱ्या सिलिंडरमध्ये, वरून बोटभर खाली, आडवं धरून ठेवलं आणि दुसऱ्या पोराला बोल्ट आवळायला सांगितले. डायलचा काटा शून्यावर. पहिला बोल्ट कचकन आवळला गेला, काटा जागचा हलला नाही. दुसऱ्याला अर्धं घर सरकला. समोरचा बोल्ट आवळला तसा तो उलट फिरला आणि थांबेपर्यंत दोन शतांश आत होता. गेज पाव वळसा फिरवलं तर तिथे बाहेर. हाताने ढकलून न हलणारा ओतीव लोखंडाचा ब्लॉक पान्याच्या झटक्याने असा अंग चोरतो, हे पाहून मित्र पुढचा तासभर गप्प होता. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट ठेवायची होती पाच शतांश. त्यातले दोन बोल्टच खाऊन टाकतात.

ही फटसुद्धा भाऊ त्याच दिवशी मोजू देईनात. पिस्टनचा डबा आणि ब्लॉक रात्रभर शेजारी शेजारी ठेवले. पिस्टन अॅल्युमिनियमचा, लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. एसी गाडीच्या डिकीतून आलेला पिस्टन चोवीस अंशांवर आणि गाळ्यातला ब्लॉक चौतीसवर असेल, तर दहा अंशांच्या फरकाने माप सरळ चुकतं. दोन्ही एका तापमानाला असले तरी चोवीसला आणि चौतीसला फट सात-आठ मायक्रॉननी वेगळी येते. सकाळी आठला, पंखा बंद करून मोजणी झाली. चारही पिस्टन एका सेटमधले, तरी सारखे नव्हते. ज्या सिलिंडरला जो पिस्टन, त्यावर नंबर टाकला आणि दगडाचे शेवटचे फेरे त्या त्या जोडीपुरते दिले. भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटली. त्या रेघांत तेल टिकतं.

हेडचं काम मला सगळ्यांत आवडलं, कारण ते शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल असं होतं. हेड पालथं, व्हॉल्व्ह बसवलेले, प्लग लावलेला, वर पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवलेली, तिला एक बारीक भोक. त्यातून ब्युरेटने लाल रंगाचं स्पिरिट सोडायचं. शेवटचा हवेचा बुडबुडा भोकाखाली येऊन निघून गेला की आकडा वाचायचा. चार पोकळ्यांत दीड सीसीपर्यंत तफावत निघाली. म्हणजे कारखान्यातून निघाल्या दिवसापासून चार सिलिंडर चार वेगवेगळ्या दाबांवर काम करत होते. लहान तीन पोकळ्या हवेच्या ग्राइंडरने हळूहळू खरवडून मोठीच्या बरोबरीला आणल्या.

मग कॉम्प्रेशन. ११०२ सीसीत एका सिलिंडरच्या वाट्याला येतात २७५.६. वरची पोकळी, गॅस्केटच्या जाडीसकट, ४२.४ भरली, म्हणजे गुणोत्तर साडेसात. साडेआठला जायचं तर पोकळी ३६.७ हवी, पावणेसहा सीसी कमी करायचे. स्पिरिटची पातळी एक मिलिमीटर उतरली की साधारण तीन सीसी जातात, तेव्हा हेडचा चेहरा जवळपास दोन मिलिमीटर कापावा लागणार होता. भाऊ दीडवर थांबले. त्याने सव्वाआठ झालं. का थांबलात, तर अॅल्युमिनियमचं जुनं हेड आहे, उद्या एकदा गरम होऊन वाकलं तर सरळ करायला माल शिल्लक पाहिजे. इंजिन शर्यतीचं असलं तरी त्याचं उद्याचं आयुष्य डोक्यात ठेवून हा माणूस कट घेतो. मित्राच्या मते हा अतिसावधपणा आहे. मला तसं वाटत नाही, पण घड्याळाशी शर्यत माझी नाही.

क्रँकला मेन बेअरिंग तीनच. जास्त फेऱ्यांना तो मधल्या मध्ये लवतो, म्हणून या इंजिनाला सहा हजारांच्या फार वर नेण्यात शहाणपणा नाही. बिग-एंडचे चार जर्नल पाव मिलिमीटर, गाळ्याच्या भाषेत दहा थाऊ, ग्राइंड केले. मेन जर्नल मापात निघाले, त्यांना नुसतं पॉलिश. ग्राइंडिंगला लागला त्याहून जास्त वेळ चाकाची कड हिऱ्याने गोल करण्यात गेला. जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळतो तिथे काटकोन राहिला तर क्रँकची चीर तिथूनच सुरू होते.

वजनाचा मामला तर डोळ्यांवर विश्वास न बसणारा. चार पिस्टनांत सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांत फरक पाच ग्रॅमचा. पाच ग्रॅम म्हणजे एक चमचा साखर. पण सहा हजार फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वर जाऊन थबकतो, आणि त्या क्षणी ते पाच ग्रॅम नऊ-साडेनऊ किलोंच्या ओढीने रॉडला खेचतात. जड पिस्टन आतल्या बाजूने, जिथे जोर येत नाही अशा जागी, फाइलने घासून हलक्याच्या वजनावर आणले. रॉडचं वजन एकदा पूर्ण आणि एकदा एक टोक टांगून, असं दोनदा केलं. क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट डायनॅमिक बॅलन्सिंगला दुसऱ्याकडे गेले. भाऊ ते मशीन बाळगत नाहीत आणि बाळगत असल्याचं सोंगही आणत नाहीत.

आता बिल. बोअरिंग-होनिंग साडेसात हजार. टॅक्सीला हेच काम तीन-साडेतीन हजारांत होतं. हेड फेसिंग, सीट कटिंग, पोकळ्या मापणं मिळून साडेपाच. क्रँक चार हजार. प्लेटचे अडतीसशे. बॅलन्सिंगवाल्याचे सहा हजार, भाऊंनी त्यात एक पैसाही न चढवता लावलेले. बेरीज २६,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१,६२४ रुपये. निम्मे आगाऊ दिलेच होते.

मित्राने क्रँकच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘भाऊ, मेन जर्नल तर कापलेच नाहीत. त्याचे पैसे कशाचे?’’

‘‘मोजल्याचे. न मोजता कापले असते तर पाचशे कमी घेतले असते.’’

यावर काय बोलणार? घासाघीस करायची आपल्याला सवय असते, पण ती केलेल्या कामावर होते. न केलेल्या कामाचा दर कसा पाडायचा, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. माझं मत विचाराल तर या बिलात महाग वाटावी अशी एकच ओळ होती, ती प्लेटची. कारण प्लेट ही वस्तू आहे आणि ती कोणाची, यावर वाद होऊ शकतो. झालाही. पैसे मित्राचे, म्हणून प्लेट मित्राची. पण बाल्कनीत तिचा उपयोग काय? शेवटी ठरलं, की ती गाळ्यातच टांगून ठेवायची आणि दुसऱ्या कुणाचा फियाट ब्लॉक तिच्यावर होन झाला तर पुढच्या कामात मित्राला तेवढी सूट. लिहून काही घेतलं नाही. बिलाला मात्र मापांचा कागद टाचून मिळाला: चार सिलिंडर, चार पिस्टन, सात जर्नल, प्रत्येकाचा आकडा मायक्रोमीटरच्या शेवटच्या रेघेपर्यंत.

इंजिन बाल्कनीत बांधलं गेलं आणि गॅरेजात गाडीत बसलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा नवा कॅम रुळावा म्हणून ते वीस मिनिटं दोन हजार फेऱ्यांच्या वर चालू ठेवलं, मग तेल काढलं. फिल्टर कापून घड्या उलगडल्या, चमचम दिसते का ते उन्हात धरून पाहिलं. थोडी करडी भुकटी होती, होनिंगनंतर तेवढी येतेच. हेडचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा आवळले. आवाज टॅक्सीचा राहिलेला नाही, एवढं सोसायटीच्या वॉचमननेही मान्य केलं.

मित्राचं मात्र आता ७२ वर लक्ष गेलंय. फियाटनेच १९५७ च्या आपल्या १२०० मध्ये या इंजिनाचा बोअर ७२ केला होता, स्ट्रोक तोच ७५, सीसी १२२१. कंपनीने केलं तर आपण का नाही, असा त्याचा सवाल. भाऊंनी तो उडवून लावला नाही. इटलीच्या ओतकामाचं मला सांगू नका, म्हणाले, कुर्ल्याच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या जॅकेटचा गाभा ओतताना कुठे सरकलाय ते वरून दिसत नाही. आधी अल्ट्रासॉनिकवाल्याला बोलवा, प्रत्येक सिलिंडरची भिंत सगळीकडून मोजून घ्या. भिंत जिथे सर्वांत पातळ, तिथे काय उरतं ते बघून मी हो किंवा नाही सांगेन. नाही म्हणालो तरी मोजणीवाल्याचे पैसे तुम्हालाच द्यायचे.

भंगारवाल्याकडून आणलेले दोन ब्लॉक सध्या बाल्कनीत आहेत. वहिनींना त्यातला एकच माहीत आहे.